‘वाहक’ म्हणजे ‘रुग्ण’ नव्हे

एखाद्या शास्त्राची परिभाषा हा त्या शास्त्राच्या पंडितांनी आपसांत सोडवावयाचा प्रश्न आहे, असा एक सोयीस्कर समज आपल्याकडे रूढ आहे. समित्या नेमल्या जातात, कोश सिद्ध होतात, ते ग्रंथालयांच्या फळ्यांवर विसावतात. आणि सामान्य माणसाचा त्यांच्याशी कधी काळी संबंध येईल हा विचार कोणाच्या मनाला शिवतही नाही. आनुवंशिकी आणि रेणवीय जीवविज्ञान या शास्त्रांच्या बाबतीत मात्र हा समज आता महागात पडू लागला आहे. कारण या शास्त्रांतील शब्द प्रयोगशाळेची वेस ओलांडून केव्हाच बाहेर पडले आहेत. ते आता रक्ततपासणीच्या कागदावर, कापसाच्या बियाण्याच्या पाकिटावर, न्यायालयाच्या निकालपत्रात आणि विवाह जुळविणाऱ्या बैठकीत येऊन बसले आहेत. शब्द आला आणि अर्थ मागे राहिला, तर काय घडते, याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे सिकलसेल.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियानाचा आरंभ झाला. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करावयाची आणि २०४७ पर्यंत या व्याधीचे सार्वजनिक आरोग्यावरील संकट दूर करावयाचे, असा हा संकल्प आहे. महाराष्ट्रापुरते बोलावयाचे, तर गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, अमरावतीपासून नंदुरबार, धुळे, पालघरपर्यंतच्या पट्ट्यात ही व्याधी पिढ्यान्‌पिढ्या मुक्काम करून आहे. आदिवासींबरोबरच अनुसूचित जाती आणि अन्य समाजांतही ती आढळते. तपासणीनंतर प्रत्येकाच्या हाती एक कार्ड द्यावयाचे आणि त्यावर त्याची आनुवंशिक स्थिती नोंदवावयाची, अशी योजना आहे. योजना स्तुत्यच आहे. परंतु ज्याच्या हाती हे कार्ड पडणार, त्याला त्यावरील शब्द कळणार आहे काय? हा प्रश्न गौण मानला, तर कोट्यवधी रुपये खर्चून केलेली ही तपासणी उपकारक ठरण्याऐवजी अपकारक ठरण्याचा संभव आहे.

‘ध’ चा ‘मा’

या व्याधीचे मूळ समजून घेण्यासाठी मराठी माणसाला परक्या दृष्टांताची गरज नाही. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा वध झाला. पत्रातील ‘धरावे’ या शब्दाचे ‘मारावे’ करण्यात आले आणि त्यातून तो अनर्थ ओढवला, अशी आख्यायिका आहे. इतिहासाचे अभ्यासक या कथेला पुरावा मागतील; परंतु एका अक्षराच्या फरकाने संपूर्ण आज्ञा कशी उलटते, हे सांगणारा ‘ध चा मा’ हा वाक्प्रचार मराठीत कायमचा रुजला आहे. सिकलसेल हा शब्दशः असाच ‘ध चा मा’ होय.

मानवी शरीरातील बहुतेक प्रत्येक पेशीच्या केंद्रकात ४६ गुणसूत्रे असतात. त्यांच्या २३ जोड्या होतात आणि प्रत्येक जोडीतील एक गुणसूत्र आईकडून व एक बापाकडून आलेले असते. गुणसूत्रांतील डीएनए हा एक अतिदीर्घ लेख आहे. त्याची वर्णमाला अवघ्या चार अक्षरांची. पण अक्षरजोड्यांची संख्या एका संचात सुमारे ३०० कोटी भरते. या लेखातील ज्या परिच्छेदात एखादे प्रथिन कसे घडवावे याची आज्ञा असते, त्याला जनुक म्हणतात. अशी प्रथिने घडविणारी जनुके माणसात सुमारे वीस हजार आहेत. तीन अक्षरांचा एक शब्द आणि एका शब्दागणिक एक ॲमिनो आम्ल, असा या लिपीचा नियम आहे. ही लिपी उलगडणाऱ्यांत भारतात जन्मलेले हरगोविंद खोराना अग्रभागी होते. १९६८ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी ठरले.

रक्ताला लाल रंग देणाऱ्या आणि प्राणवायू वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनाच्या एका साखळीचे जनुक अकराव्या गुणसूत्रावर असते. त्या साखळीत १४६ ॲमिनो आम्ले गुंफलेली असतात. त्यांपैकी सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्ल हवे. तेथे व्हॅलीन येऊन बसते, कारण जनुकातील ‘जीएजी’ या शब्दाचा ‘जीटीजी’ झालेला असतो. मधल्या एका अक्षराचा हा फेर! त्यामुळे प्राणवायू कमी पडताच हिमोग्लोबिनाचे रेणू एकमेकांना चिकटून ताठ तंतू बनतात, तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडामांसांत असह्य वेदना उसळते. अशा पेशी अकाली फुटत असल्याने पंडुरोग जडतो, तो वेगळाच. १९४९ मध्ये लायनस पाउलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा रेणूचा रोग आहे असे दाखवून दिले आणि काही वर्षांतच व्हर्नन इन्ग्रॅम यांनी तो नेमका कोणत्या आम्लाचा फेर आहे, हे शोधून काढले. एखाद्या व्याधीचे मूळ रेणूपर्यंत जाऊन हाती लागल्याचा तो पहिला प्रसंग. रेणवीय वैद्यकाचा आरंभबिंदू ठरलेली ही व्याधी मेळघाटातील पाड्यावर मात्र अजून ‘कोणाची तरी नजर’ किंवा ‘वाईट रक्त’ म्हणून ओळखली जावी, हा दैवदुर्विलास होय.

एक प्रत आणि दोन प्रती

जनुके जोडीने येतात, हे एकदा ध्यानी घेतले की पुढचे सारे सोपे आहे. आईबापांकडून आलेल्या दोन्ही प्रतींत हा अक्षरदोष असेल, तर ती व्यक्ती सिकलसेलची रुग्ण. एकाच प्रतीत असेल, तर दुसरी निर्दोष प्रत काम निभावून नेते आणि ती व्यक्ती सर्वसाधारण निरोगी आयुष्य जगते. तिला वाहक म्हणतात. किंबहुना, हिवतापाच्या गंभीर स्वरूपापासून वाहकाला काही अंशी संरक्षण मिळते, असे ॲन्थनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये दाखवून दिले. हिवतापाच्या प्रदेशात हे जनुक टिकून का राहिले, याचे उत्तर तेथेच आहे. वाहकपण हा कलंक तर नव्हेच. ते एका जुन्या लढाईचे चिन्ह आहे.

परंतु तपासणीच्या शिबिरात प्रत्यक्षात कानी पडणारा शब्द ‘वाहक’ हाही नव्हे आणि ‘रुग्ण’ हाही नव्हे. तेथे ऐकू येतो तो ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द. प्राथमिक तपासणी ज्या विद्राव्यता चाचणीने होते, तिच्यात वाहकाचे रक्त आणि रुग्णाचे रक्त यांत भेद करण्याची क्षमता नसते. दोन्ही ठिकाणी निष्कर्ष एकच येतो. भेद कळण्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिससारखी दुसरी चाचणी करावी लागते. दोन चाचण्यांच्या मधल्या काळात ‘ती पोरगी पॉझिटिव्ह निघाली’ हे वाक्य साऱ्या गावात फिरून आलेले असते. ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द खेड्यापाड्यांत पोहोचला तो एड्‌सबरोबर, आणि पुढे करोनाबरोबर. दोन्ही वेळा तो संसर्गाची भीती पाठीवर घेऊनच आला. साहजिकच, पूर्णतः निरोगी असलेली वाहक मुलगी आधी रोगी ठरते, मग संसर्गजन्य ठरते आणि अखेरीस तिची सोयरीक मोडते. शब्दाने केलेली ही जखम दुसऱ्या चाचणीच्या अहवालाने भरून येत नाही.

परदेशांतील धडे

हे संकट काल्पनिक नाही. अमेरिकेत १९७० नंतर सिकलसेल तपासणीची मोठी लाट आली. १९७२ मध्ये तेथील काँग्रेसने या व्याधीच्या नियंत्रणाचा कायदा संमत केला. त्या कायद्याच्या प्रास्ताविकातच असे नमूद झाले की, सुमारे वीस लाख अमेरिकी नागरिक या व्याधीने ग्रस्त आहेत. वास्तविक ती संख्या मुख्यतः वाहकांची होती. रुग्ण त्याच्या एका लहानशा अंशाइतकेच होते. कायदा लिहिणाऱ्यांचीच जेथे अशी गफलत झाली, तेथे विमा कंपन्या आणि मालक यांच्याकडून विवेकाची अपेक्षा काय करावी? निरोगी वाहकांना विमा नाकारण्यात आला, नोकऱ्या नाकारण्यात आल्या. हवाई दलाच्या अकादमीची दारे त्यांना १९८१ पर्यंत बंद होती. ज्या कृष्णवर्णीय समाजाच्या हितासाठी तपासणी आरंभिली, त्याच समाजाला ती पक्षपाताचे नवे निमित्त वाटू लागली.

ग्रीसमधील ऑर्कोमेनॉस या गावचा अनुभव तर आपल्याला अधिक जवळचा वाटावा. तेथेही विवाह ठरवून होत. सर्वांची तपासणी झाली, प्रत्येकाला त्याची स्थिती सांगण्यात आली आणि दोन वाहकांनी परस्परांशी विवाह टाळावा, असा उपदेश करण्यात आला. काही वर्षांनी पाहणी केली तेव्हा दिसून आले ते असे की, वाहकांच्या वाट्याला कमीपणा आला, काहींनी विवाहाच्या बोलणीत आपली स्थिती लपविली, आणि वाहक-वाहक विवाहांचे प्रमाण मात्र योगायोगाने जेवढे असते तेवढेच राहिले. म्हणजे उद्दिष्ट साधले नाहीच, वर कलंक तेवढा पदरी पडला. माहिती देणे आणि समज देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हाच या दोन्ही कथांचा निष्कर्ष होय.

शब्दांतच दडलेले गैरसमज

मराठीत या शास्त्राची परिभाषा नाही, असे कोणी म्हणू नये. विश्वकोशाच्या कार्यात परिभाषेला मानाचे स्थान होते. १९७६ मध्ये पहिला खंड निघण्यापूर्वीच परिभाषासंग्रह सिद्ध झाला होता. ‘जनुक’ हा शब्द तर उत्कृष्ट घडणीचा आहे. योहान्सेन यांनी १९०९ मध्ये ‘जीन’ हा शब्द ज्या ग्रीक मुळावरून बनविला, ते मूळ आणि संस्कृतातील ‘जन्’ हा धातू ही एकाच आदिकुळातील भावंडे आहेत. ‘गुणसूत्र’ हा शब्द मूळ युरोपीय शब्दापेक्षाही अर्थवाही म्हणावा लागेल. तो मूळ शब्द केवळ ‘रंगीत काया’ एवढेच सांगतो, कारण सूक्ष्मदर्शकाखाली ही सूत्रे रंग शोषून घेतात. म्हणूनच मराठीत आरंभी ‘रंगसूत्र’ असाही शब्द योजला गेला. मराठी शब्द गुणांचा वारसा सूत्रबद्ध करून दाखवितो.

परंतु सर्वच शब्द असे भाग्यवान नाहीत. मेंडेल यांच्या नियमांत भेटणारी ‘प्रभावी’ आणि ‘अप्रभावी’ ही जोडी पाहावी. शास्त्रीय अर्थ एवढाच की, ज्या गुणाला प्रकट होण्यास एक प्रत पुरते तो प्रभावी आणि ज्याला दोन प्रती लागतात तो अप्रभावी. परंतु व्यवहारात ‘प्रभावी’ म्हणजे गुणकारी. औषध प्रभावी असते, भाषण प्रभावी असते. मग डॉक्टरांनी ‘हा अप्रभावी आजार आहे’ असे सांगितल्यावर त्या बापाने काय समजावे? आजार सौम्य आहे, असेच ना? सिकलसेल हा शास्त्राच्या दृष्टीने ‘अप्रभावी’ असून रुग्णाच्या दृष्टीने तो जीव घेणारा आहे. ‘प्रकट’ आणि ‘प्रच्छन्न’ अशी जोडी येथे अधिक प्रामाणिक ठरली असती.

‘सदोष जनुक’ हा असाच दुसरा शब्द. दोष म्हटला की दोषी आलाच, आणि दोषी शोधण्यासाठी आपल्या समाजाला सासरच्या ओसरीपलीकडे जावे लागत नाही. उत्परिवर्तन हा निसर्गातील नक्कल करण्याच्या क्रियेतला हस्तदोष आहे. ‘ध’ चा ‘मा’ येथे झाला हे खरे. पण येथे कोणी आनंदीबाई नसते. ‘आनुवंशिक’ आणि ‘जन्मजात’ हे शब्दही सर्रास समानार्थी वापरले जातात. वस्तुतः जन्मतः दिसणारी प्रत्येक व्याधी वंशातून आलेली नसते, आणि वंशातून आलेली प्रत्येक व्याधी जन्मतः दिसत नाही. डाउन सिंड्रोममध्ये एक गुणसूत्र अधिक असते, तरी बहुतेक प्रसंगी ते पूर्वजांकडून आलेले नसते. सिकलसेल वंशातून येतो, तरी त्याची लक्षणे बहुधा जन्मानंतर काही महिन्यांनी उमटतात.

अभियानाच्या नावातील ‘निर्मूलन’ या शब्दाविषयीही सावध असावे. देवीचे निर्मूलन झाले, कारण देवीचा विषाणू बाहेरून येत होता. जनुक हा बाहेरचा शत्रू नव्हे. वाहक राहणार, त्यांच्याबरोबर जनुकही राहणार. फार तर नव्या रुग्णांचे जन्म टळतील आणि जे आहेत त्यांना सुसह्य आयुष्य लाभेल. निर्मूलन व्हावयाचे ते वेदनेचे, माणसांचे नव्हे, हे जाहिरातफलकावर स्पष्ट लिहिलेले बरे.

गणित कळले नाही, तर

दोन वाहकांचा विवाह झाल्यास प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी मूल रुग्ण असण्याची शक्यता पंचवीस टक्के, वाहक असण्याची पन्नास टक्के आणि दोहोंपासून मुक्त असण्याची पंचवीस टक्के असते. हे गणित ‘चार मुलांपैकी एक’ अशा शब्दांत सांगितले जाते आणि तेथेच घात होतो. पहिले मूल रुग्ण निघाले, आता पुढची तीन निर्धोक, असा हिशेब आईबाप मांडतात. सोंगट्यांचे दान टाकणाऱ्या खेड्यातल्या म्हाताऱ्याला मात्र पक्के ठाऊक असते की, मागच्या दानाची आठवण कवड्यांना नसते. मग गर्भधारणेचे गणित कवड्यांच्या भाषेत का सांगू नये?

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, वाहकाचा विवाह ज्याच्या दोन्ही प्रती निर्दोष आहेत अशा व्यक्तीशी झाल्यास अपत्यांपैकी कोणीही सिकलसेलचा रुग्ण होत नाही. फार तर वाहक होईल. म्हणजे वाहक मुलीशी विवाह करू नये असे शास्त्र कोठेही सांगत नाही. दोघेही वाहक असतील तर विचार करावा, एवढेच ते सांगते. आणि तशा जोडप्यालाही गर्भावस्थेत निदान करून घेण्याचा मार्ग कायद्याने मोकळा ठेवला आहे.

ज्या १९९४ च्या कायद्याने गर्भलिंगनिदानाला बंदी केली, त्याच कायद्याने हिमोग्लोबिनाच्या व्याधींसाठी गर्भजलादी चाचण्यांना मुभा दिली आहे. महाराष्ट्राने तर त्याहीपूर्वी, १९८८ मध्ये, देशातील असा पहिला कायदा केला. तरीही २०११ च्या जनगणनेत राज्यातील सहा वर्षांखालील मुलींचे प्रमाण दर हजार मुलांमागे ८९४ एवढेच भरले. मुलगा की मुलगी, हे बापाच्या शुक्रपेशीतील एक्स किंवा वाय गुणसूत्रावर ठरते, हे विसाव्या शतकाच्या आरंभीच सिद्ध झाले असता, मुली झाल्या म्हणून सून टाकून देणारी घरे अजून आहेत. शाळेत शिकलेले गुणसूत्र माजघरापर्यंत पोहोचत नाही, याचा याहून दारुण पुरावा कोणता?

शेतावरही हीच कथा. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. त्या वाणांत एका जिवाणूचे जनुक घातलेले होते आणि ते वाण संकरितही होते. दरवर्षी नवे बियाणे विकत घ्यावे लागते ते संकरामुळे, कारण संकरिताच्या पुढल्या पिढीत गुण विखुरतात. जिवाणूच्या जनुकामुळे नव्हे. परंतु ‘संकरित’ आणि ‘जनुकीय परिवर्तित’ या दोन शब्दांची गल्लत होऊन वांझ बियाण्याची वदंता पसरली. वादाचे खरे मुद्दे होते बोंडअळीची वाढती प्रतिकारशक्ती, कोरडवाहू शेतीला न परवडणारा खर्च आणि बियाण्यावरील मक्तेदारी. ते मागे पडले. शब्द चुकला की भांडणही चुकीच्या बांधावर होते.

कोशातून कार्डावर

यावर दोन उत्तरे हमखास दिली जातात. एक पक्ष म्हणतो, इंग्रजी शब्द जसेच्या तसे घ्यावेत. जग तेच वापरते. दुसरा पक्ष म्हणतो, प्रत्येक शब्द संस्कृतातून घडवावा. दोन्ही पक्ष शब्दाचा जन्म पाहतात. त्याचा संसार पाहत नाहीत. ‘सिकलसेल’ आणि ‘डीएनए’ हे शब्द लोकांनी आपलेसे केले आहेत; ते हिसकावून घेण्यात अर्थ नाही. ‘वाहक’ हा शब्द चांगला आहे. मात्र एसटीच्या वाहकाची ओळख असलेल्या माणसाला तो एका वाक्याने समजावून द्यावा लागेल. ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द मात्र शिबिरांतून तत्काळ हद्दपार व्हावयास हवा. शब्द देशी की परदेशी, हा निकष नव्हेच. तो ऐकणाऱ्याच्या मनात खरे चित्र उभे करतो की खोटे, हाच निकष.

व्यवहारात उपयोगी पडतील असे आनुवंशिकीचे तीस-चाळीस शब्द पुरेसे आहेत. भाषा संचालनालय, विश्वकोश मंडळ, पाठ्यपुस्तक मंडळ आणि सार्वजनिक आरोग्य विभाग यांनी एकत्र बसून त्यांची एकच यादी ठरवावी, म्हणजे पुस्तकात एक, रुग्णालयात दुसरा आणि वृत्तपत्रात तिसरा शब्द, ही अनवस्था संपेल. ही यादी मराठीपाशीच थांबता कामा नये. पावरी, भिली, कोरकू, गोंडी, माडिया बोलणाऱ्यांना प्रमाण मराठीही परकीच असते. त्या बोलींत हे अर्थ कसे सांगावेत, हे ठरविताना तेथील आशा कार्यकर्तीचे मत पंडिताच्या मताइतकेच मोलाचे मानावे लागेल. दहावीच्या पुस्तकात आनुवंशिकतेचा पाठ आहे. परंतु ज्यांना त्याची सर्वाधिक गरज, त्यांपैकी कित्येकांची शाळा त्याआधीच सुटते. म्हणून तो पाठ आश्रमशाळांच्या खालच्या वर्गांत यावा. आणि कार्डावर संज्ञेखाली निदान एक साधे वाक्य छापावे: ‘ही व्यक्ती आजारी नाही. तिच्यापासून कोणालाही हा आजार लागत नाही.’

केवळ शब्दांनी वेदना शमत नाही, हे मान्य. हायड्रॉक्सियुरिया नियमित मिळावयास हवे, तालुक्याच्या रुग्णालयात रक्त उपलब्ध हवे. जनुक-संपादनावर आधारलेल्या उपचाराला ब्रिटन व अमेरिकेने २०२३ मध्ये मान्यता दिली. त्याची अमेरिकेतील किंमत बावीस लाख डॉलर आहे. धडगाव-भामरागडच्या रुग्णाने त्याची वाट पाहावी, असे कोणी सुचविणार नाही. परंतु नेमका आणि निर्मळ शब्द ही गोष्ट अशी आहे की, तिला परकीय चलन लागत नाही. एका अक्षराच्या चुकीने सुरू झालेले हे दुःख एका शब्दाच्या चुकीने दुणावू नये, एवढे तरी मराठी समाजाच्या हाती निश्चित आहे.